थंडीतला जुना बाजार: माणसं थांबतात, पण माल हलत नाही

थंडी पडली की दरवर्षी माझं हेच रडगाणं सुरू व्हायचं. बाजारात माणसं असायची. इतर दिवसांइतकी नाही, पण अगदी शुकशुकाटही नसायचा. गाळ्यापुढे थांबायची, बघायची, "छान आहे हो" म्हणायची आणि पुढे सरकायची. दुपारपर्यंत भवानीसुद्धा झाली नाही असे दिवस गेलेत. मग सगळा माल जसाच्या तसा परत बांधायचा, तोही बधिर बोटांनी.

उघड्यावर जुन्या वस्तू विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे माहीत आहे, आणि त्यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे "सीझन नाही." मीही बरीच वर्षं तेच म्हणून गप्प बसले. उत्तर खोटं नाही, पण त्यामुळे आपण शोध घ्यायचं सोडून देतो.

शोध घेताना मीही आधी चुकले. पहिल्यांदा भाव उतरवले. विकलं गेलं ते तेवढंच, फक्त कमी पैशात. मग माल बदलला, मग हट्टाने जागा बदलून घेतली. काही फरक नाही. शेवटी एका सकाळी रिकामी बसले होते म्हणून वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: थांबले, हात लावला, घेतलं. माणसागणिक एक रेघ. दुपारी पान बघितलं तर पहिला रकाना भरलेला, दुसऱ्यात तुरळक रेघा, आणि तिसरा जवळपास दुसऱ्याइतकाच. म्हणजे ज्याने वस्तू उचलली तो बहुतेक घेऊनच गेला होता. घोडं पेंड खात होतं ते मधल्या रकान्यात. हात खिशातून बाहेरच येत नव्हते.

नवीन वस्तू खोक्यावरचं चित्र बघून घेता येते. जुनी तशी घेतली जात नाही. ती उचलावी लागते, उलटी करून तळाचा शिक्का बघावा लागतो, कडेवरून बोट फिरवून टवका उडालाय का ते चाचपावं लागतं. थंडीत नेमकं हेच कुणाला नको असतं.

तेव्हा आधी हे तीन रकाने आखा. एक सकाळ पुरते. कुठला रकाना रिकामा राहतो त्यावरून पुढचं बघायचं. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा दुसऱ्याला लावला तर काही उपयोग होत नाही, हे मी भाव उतरवून शिकलेय.

पहिलाच रकाना रिकामा असेल तर

लोक थांबतच नसतील तर दोनच गोष्टी बघा, वारा आणि उजेड.

थंडी तापमानापेक्षा वाऱ्याने जास्त बोचते. हवा ५ अंश सेल्सिअस असेल आणि वारा ताशी २० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या कातडीला ती साधारण १ अंशासारखी लागते. ज्या गाळ्यापुढे वाऱ्याचा झोत येतो तिथून माणूस मान खाली घालून निघून जातो. तुमचा माल त्याला दिसलेलाही नसतो. वारा ज्या अंगाने येतो त्या एका बाजूला पडदा लावा. एकच. मी एकदा तिन्ही बाजू बंद करून छान उबदार गुहा केली होती. दिवसभर आत एकटीच बसले. अंधाऱ्या, बंद मांडवात शिरायचं म्हणजे काहीतरी घ्यावंच लागेल असं लोकांना वाटतं, आणि ते शिरत नाहीत.

पडदा लावला की मांडव शिडासारखा वारा धरतो, तेव्हा चारही पायांना वजन हवंच. जमीन मऊ असेल तर खुंट्या, फरशी किंवा डांबर असेल तर वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याने भरलेले कॅन. पाणी गोठेल इतकी थंडी असेल तर कॅन काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना फुगतं आणि कॅन फुटतो.

उजेडाचं म्हणाल तर थंडीतला सूर्य खालून जातो, सावल्या लांब पडतात आणि दुपारनंतर बघता बघता अंधारून येतं. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा. त्याच्या मागेपुढे कित्येक आठवडे हीच गत असते. बॅटरीवरचे एलईडी दिवे लावा, पण ते मांडवाच्या पुढच्या कडेला, मालाकडे तोंड करून. मागे लावले तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर येतात आणि माल काळा दिसतो. रंग खरे दिसणारे दिवे मिळतात, खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं, ते घ्या. कापड आणि चिनी मातीची भांडी विकणाऱ्याने तर घ्याच. निळसर स्वस्त दिव्याखाली सुंदर जुनी बशीसुद्धा आजारी दिसते.

थांबतात, पण हात लावत नाहीत

माझा रोग हा होता आणि बहुतेकांचा हाच असतो, म्हणून यावर जरा सविस्तर.

एक गोष्ट धरून चाला. खिशातला हात एकदाच बाहेर येणार आहे. तो पुन्हा पुन्हा येणार नाही. त्यामुळे हात बाहेर यायच्या आधी माणसाच्या डोक्यात जेवढं काम उरकता येईल तेवढं उरकून द्यायचं, आणि हात आला की वस्तू त्यात सहज बसली पाहिजे.

किंमत लपवू नका. एरवी मी किंमत लिहायच्या विरुद्ध आहे. विचारलं की बोलणं सुरू होतं, बोलण्यातून सौदा होतो. थंडीत हे उलटं पडतं. विचारायचं तर थांबावं लागतं, मफलर खाली ओढावा लागतो, तोंडातून वाफ काढावी लागते. माणूस विचारतच नाही. उभ्या उभ्या, हात खिशात ठेवून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात किंमत लिहा. चिकटपट्टीची लेबलं थंडीत दगा देतात. साध्या चिकटपट्टीचा डिंक १० अंशांच्या खाली नीट धरत नाही आणि ओलसर पृष्ठभागावर तर अजिबात नाही. दोऱ्याने बांधायच्या चिठ्ठ्या करा आणि पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई थंडीत घट्ट होऊन उमटत नाही, पाण्याच्या शाईची अक्षरं दवाने फुटतात. पेन्सिलीला यातलं काहीच होत नाही. चिठ्ठ्या घरीच लिहून आणा, बाजारात बोटं वळत नाहीत.

चिठ्ठीवर किंमतीशिवाय अजून एक ओळ लिहायची. वस्तू उचलून जे बघायचं असतं तेच. "चालू आहे." "झाकणाला टवका, बाकी धड." "छाती ५४, लांबी ७० सेंमी." कपड्यांना तर ही ओळ हवीच. जाड कोटावरून कुणी सदरा घालून बघत नाही, आणि कोट काढायला सांगणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणं. खोट मोकळेपणाने लिहिली की लोक उलट विश्वासाने हात पुढे करतात, हे मला फार उशिरा कळलं.

उंची बघा. जमिनीवरच्या पथारीवर थंडीत कुणी वाकत नाही. अंगावर तीन थर चढवलेल्या माणसाला वाकायचा आळस येतो आणि वाकलाच तर पाठीवरचे कपडे वर सरकून कमरेला वारा लागतो. जे विकायचंय ते कमरेच्या आसपासच्या उंचीला आणा. टेबल नसेल तर मालाचीच खोकी पालथी घालून वर फळी टाका.

उपसायची खोकी मात्र बंद. "यातलं काहीही घ्या" म्हणून तळापर्यंत भरलेलं खोकं उन्हाळ्यात हमखास गर्दी खेचतं, लोक अर्धा अर्धा तास उपसत बसतात. थंडीत तेच खोकं दिवसभर कुणी हात न लावता पडून राहतं. पुस्तकं कणा वर करून एका ओळीत लावा. ध्वनिमुद्रिका चाळायच्या असतील तर ढिल्या ठेवा, दाबून भरलेल्या ओळीतून हातमोज्याच्या बोटांनी एक तबकडी सुटी होत नाही. किरकोळ वस्तूंचे वाटे करा. सहा चमचे दोऱ्याने बांधून एक जुडी, चार बटणं एका कार्डावर शिवून. सुटी बटणं बधिर बोटांनी उचलता येत नाहीत, कार्ड येतं.

यावरून सुचलं म्हणून सांगते. मी पूर्वी टेबल गच्च भरायचे. माल जास्त दिसला की माणूस थांबतो, हा हिशेब. थांबतो खरा, पण गच्च टेबलावरून एक वस्तू उचलायची तर शेजारच्या दोन हलवाव्या लागतात. मोजे घातलेला माणूस ती जोखीम घेत नाही, फुटलं तर भरून द्यावं लागेल या भीतीने. आता थंडीत मी मालाचा तिसरा हिस्साच मांडते. दोन वस्तूंमध्ये मोज्यासकट पंजा जाईल एवढी जागा सोडते. बाकीचं मागे खोक्यात, एक विकलं की दुसरं पुढे.

हात लावतात आणि लगेच खाली ठेवतात

याचा पत्ता मला वहीतून नाही, एका पितळी खलामुळे लागला. दिसायला देखणा, वजनदार. दिवसभरात पाच-सहा जणांनी उचलला आणि हात पोळल्यासारखा खाली ठेवला. शेजारी लाकडी पोळपाट होता, त्याच्याच वयाचा. तो गेला.

दोन्ही वस्तू तासन्तास एकाच हवेत पडून होत्या, म्हणजे तापमान दोघांचं सारखंच. पण पितळ लाकडापेक्षा शेकडो पट अधिक उष्णतावाहक असतं. ते हातातली ऊब ओढून घेतं आणि आपल्याला वाटतं वस्तूच गार आहे. ज्याचे हात आधीच गारठलेत त्याला हा चटका सहन होत नाही आणि वस्तू आवडली होती हे तो विसरून जातो. तेव्हापासून पुढच्या रांगेत लाकूड, कापड, कागद, वेत. धातू आणि काच दुसऱ्या रांगेत, आणि धातूच्या खाली जाड लोकरी कापड. कापडाने पितळ गरम होत नाही, हे मलाही कळतं. पण उचलताना माणसाचा हात आधी कापडाला लागतो, बहुतेक जण कापडासकटच वस्तू उचलतात आणि मग ती हातात टिकते. चार क्षण जास्त टिकली की तळाचा शिक्का बघितला जातो.

आणि एक घड्याळ. किल्लीचं, खिशातलं, घरी व्यवस्थित चालणारं. बाजारात मांडलं की तासाभरात मंद व्हायचं, मग बंद. दोन गिऱ्हाइकांनी कानाला लावून "बंद आहे" म्हणून परत ठेवलं. मी ते दुरुस्तीला द्यायच्या विचारात होते. शेजारी घड्याळंच विकणारे एक आजोबा बसायचे. त्यांनी ते बघितलं, किल्लीला हलकेच हात लावून बघितला आणि म्हणाले, "पोरी, हे बिघडलं नाही, गारठलंय. आतलं तेल जुनं आहे, थंडीत घट्ट होतं. टेबलावर ठेवू नकोस, छातीशी ठेव." मी ते स्वेटरच्या आतल्या खिशात टाकलं, टेबलावर नुसती चिठ्ठी ठेवली: "खिशातलं घड्याळ, चालू. विचारा." दुपारी एका बाईंनी विचारलं. मी ते काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. टिकटिक चालू होती, आणि ते उबदार होतं. त्यांनी मूठ मिटली ती उघडलीच नाही. तशाच मुठीने दुसऱ्या हाताने पैसे काढले.

आता छोट्या धातूच्या चांगल्या वस्तू मी अंगावरच बाळगते. लायटर, अडकित्ता, चष्म्याची चौकट. गार चौकट कानशिलाला लागली की माणूस आरशात बघायच्या आधीच ती काढून ठेवतो.

वस्तू हातात घेऊन ठेवून देण्याचं दुसरं कारण म्हणजे दव. स्वच्छ, शांत पहाटे उघड्या आकाशाखाली ठेवलेल्या वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त गार होतात, कारण त्यांची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते. त्यांच्यावर आधी दव धरतं. डोक्यावर साधी ताडपत्री असली तरी खूप फरक पडतो. म्हणून आधी मांडव उभा करा आणि मग माल काढा. मी कितीतरी वेळा उलटं केलंय, जागा अडवायच्या घाईत. मग ओल्या बशा पुसत बसायचं, आणि पुसलेल्या बशीवर फडक्याचे पट्टे उठतात ते वेगळेच. जुने फोटो तर उघडे ठेवूच नका. त्यांच्यावरचा जिलेटिनचा थर ओल लागली की मऊ पडतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात. ओढून सुटे केले की चेहरे उपटून येतात. प्रत्येक फोटो वेगळ्या पारदर्शक पाकिटात ठेवायचा.

तिसरं कारण म्हणजे दाखवताना मोडणं. जुनं प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होतं. खेळण्याच्या बॅटरीचं झाकण, रेडिओचा खटका, कॅमेऱ्याच्या पेटीची कडी, गिऱ्हाइकासमोर हौसेने उघडायला जाल आणि कट्कन तुकडा हातात येईल. झाकणं घरी उघडून, तपासून, सेल घालूनच आणा. ध्वनिमुद्रिकाही गार असताना वाकवू नका, टेकवताना आपटू नका.

सेलचं एक वेगळंच. साधे अल्कलाइन सेल थंडीत अशक्त होतात. टॉर्च मिणमिणतो, रेडिओ खरखरतो, आणि दोष वस्तूवर येतो. तपासायचे सेल खिशात ठेवा, दाखवायच्या वेळीच घाला. लिथियमचे न भरता येणारे सेल मिळाले तर थंडीत ते कितीतरी बरे. जुन्या अंकी घड्याळाचे आकडे फिके किंवा संथ दिसत असतील तर तोही बिघाड नव्हे, त्या पडद्यातलं द्रवस्फटिक गारठलेलं असतं. मुठीत धरलं की ठीक होतं.

घ्यायचं ठरलं आणि पैशापाशी अडलं

इथे गेलेलं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त लागतं. भाव ठरला, वस्तू बाजूला काढली, आणि माझा फोन मेला. ४० टक्के दाखवत होता आणि डोळ्यांदेखत काळा झाला. "पैसे काढून येतो" म्हणून गेलेला माणूस परत आला नाही.

फोनमधली लिथियम-आयन बॅटरी थंडीत तात्पुरती दुबळी होते. आतली रासायनिक क्रिया मंदावते, व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःहून बंद होतो. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी ०° ते ३५° सेल्सिअस हीच मर्यादा दिलेली आहे. ऊब मिळाली की बहुतेक वेळा चार्ज परत दिसतो. फोन आणि कार्डाचं यंत्र आतल्या खिशात ठेवा, टेबलावर नको. पॉवर बँकही आतच. ० अंशांच्या खाली ही बॅटरी चार्ज करू नका. आत लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. गारठलेला फोन आधी अंगाशी धरून उबवा, मग तार जोडा.

स्कॅन करायचा कोड छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून उभा ठेवा, म्हणजे तुमचा फोन बाहेर काढायची गरजच पडत नाही. पण गिऱ्हाइकाचाही फोन मरतो, तेव्हा रोख घ्यायची तयारी हवी. किंमती अशा ठेवा की सुट्टे कमीत कमी लागतील. बधिर बोटांना दोन नोटा एक वाटतात. मी एकदा जोडनोट दिलीय, आणि ती परत करायला कुणी आलं नाही.

पिशव्यांची गंमत अशी की पातळ प्लॅस्टिकची पिशवी थंडीत उघडतच नाही. बोट ओलं करा, फुंकर मारा, चोळा. तेवढ्यात समोरचा चुळबुळतो. कागदी पिशव्या घ्या आणि सकाळी दहा-बारा उघडून एकात एक उभ्या करून ठेवा. ठिसूळ माल गुंडाळायचे कागदही फाडून तयार. सौदा ठरल्यापासून गिऱ्हाईक मोकळं होईपर्यंत जितका कमी वेळ जाईल तितकं चांगलं.

घासाघीस थंडीत लवकर संपते, हा माझा अनुभव. समोरच्यालाही निघायचं असतं. म्हणून पहिल्याच वाक्याला खाली येऊ नका. गारठलेला विक्रेता लवकर पडतो, आणि नेहमीची गिऱ्हाइकं ते ओळखून असतात.

तुम्हीच गारठलात तर वरचं काही होणार नाही

खुर्चीत मुटकुळं करून, हात काखेत घालून बसलेल्या बाईकडून कुणी काही घेत नाही. ती मी होते, म्हणून सांगते.

पाय आधी. थंडी वरून येते असं वाटतं, पण दिवसभर उभं राहिलं की ती खालून चढते. फरशी बुटाच्या तळातून ऊब शोषत राहते. पायाखाली लाकडी फळी, जाड फोम, काही नसेल तर पुठ्ठ्याचे चार-पाच थर टाका. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट करू नका. रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. अंगाला चिकटून सुती नको. ओझी उचलताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि मग बसलं की तोच घाम गोठवतो. लोकरीचं किंवा घाम न धरणारं कापड आत, आणि ओझी उचलून झाल्यावर एक थर वाढवायचा, आधी नाही.

हात गरम ठेवायच्या पुड्यांत लोखंडाची पूड असते. ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि गंजताना ऊब देते. हवा तोडली की थांबते. त्यामुळे काम संपल्यावर ती पुडी हवाबंद पिशवीत दाबून बंद केली तर उरलेली ऊब दुसऱ्या दिवशी वापरता येते. एक पुडी मी पैशांच्या कमरेच्या पिशवीत ठेवते. सुट्टे द्यायला हात घातला की बोटं आपसूक शेकतात.

शेगडीबद्दल मात्र विनोद नाही. पडदे लावलेल्या मांडवात, टेम्पोत किंवा गाडीत कोळसा किंवा गॅस पेटवून बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि माणूस ते थंडीवर ढकलतो. असं झालं तर ताबडतोब मोकळ्या हवेत या. आणि "नवीन डबा लावला तरी शेगडी पेटत नाही" ही जी दरवर्षीची तक्रार आहे, तिचं कारण डबा खराब हे नसतं. ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो. हवा त्याच्या आसपास आली की त्याचा वायूच होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतो, म्हणून थंडीसाठी प्रोपेन मिसळलेला डबा लागतो. मी स्वतः शेगडी सोडली. थर्मासमध्ये गरम पाणी नेते, आणि ते मालातल्या जुन्या काचेच्या पेल्यात ओतत नाही. एकदा ओतलं होतं. पेला सरळ दोन तुकडे.

कुणी शेजारी थरथरायचं थांबून असंबद्ध बोलायला लागला, बोलताना जीभ अडखळायला लागली, तर त्याला वैद्यकीय मदत लागते, गरम पेय नव्हे. ओला कपडा काढा, कोरड्यात गुंडाळा आणि मदत बोलवा.

परत आल्यावर

पुढच्या बाजाराला "काच धूसर झाली", "कातड्यावर पांढरं आलं", "भिंग खराब निघालं" ह्या तक्रारींची सुरुवात परतल्या संध्याकाळीच होते. दिवसभर गारठलेला माल आपण प्रेमाने उबदार खोलीत आणतो आणि खोकी उघडतो. खोलीत तापमान २० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर साधारण ९ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर बाष्प जमतं. बाहेरून दिसतं ते पुसता येतं. कॅमेऱ्याच्या आत, रेडिओच्या तारांवर, चित्राच्या काचेच्या मागच्या बाजूला जमतं त्याचं काय?

माल बाजारातच, बाहेरच्या कोरड्या हवेत बंद पिशव्यांत किंवा झाकणाच्या डब्यांत भरा. घरी आणून डबे तसेच बंद राहू द्या, रात्रभर. ओल डब्याच्या बाहेरून धरेल, धरू दे. सकाळी आतली वस्तू खोलीइतकी झाली की उघडा. विजेवर चालणारं काहीही त्या रात्री प्लगला लावू नका. बाजारात पावसाने किंवा दवाने माल आधीच ओला झाला असेल तर मात्र उलटं करायचं. तो बंद ठेवला तर बुरशी धरेल, तेव्हा आधी पुसून वाऱ्यावर सुकवायचा.

जायचंच नाही हे कधी ठरवायचं, हेही एकदा विचारून घेते स्वतःला. जागेचे पैसे आधी भरलेत म्हणून मी जाऊन फक्त सर्दी घेऊन आलेय. आता आदल्या संध्याकाळी अंदाज बघते. कोरडी, शांत, ऊन असलेली कडक थंडी चालते, अशा दिवशी माझा माल बरा खपलाय. जोराचा वारा असेल किंवा पावसाची झड लागणार असेल तर नाही. भरलेले पैसे घरी बसलं तरी गेलेले आणि तिथे जाऊनही गेलेलेच.

आणि ताडपत्री. दमून आल्यावर ती तशीच ओली घडी करून कोपऱ्यात टाकायचा मोह होतो. त्याच रात्री दोन खुर्च्यांवर पसरा. नाहीतर पुढच्या वेळी उघडाल तेव्हा काळे ठिपके आणि कुबट वास असेल, आणि तो वास तिच्याखाली मांडलेल्या प्रत्येक कापडाला लागतो.